पुढच्या शनिवारचा पाठ

आमचे हे आयुष्यभर चितेगावच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेला नग हातात घ्यायचा, डोळे बारीक करायचे आणि तीनपैकी एक शब्द उच्चारायचा: ओके, रिवर्क किंवा रिजेक्ट. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. माझ्या चपात्या लग्न झाल्यापासून रिवर्कमध्येच आहेत.

त्यामुळे मोनिका झिराडकर आपल्या आकाशला घेऊन आमच्या गारखेड्याच्या फ्लॅटवर आली आणि म्हणाली, "काका, याला तोरा शिकवाल का?" तेव्हा मला पहिल्यांदा त्या पोराची दया आली.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझं माहेर रेवदंड्याकडचं, यांचं घर किहीमचं. नोकरीच्या निमित्तानं या शहरात आलो आणि इथलेच झालो. आमच्यातली इथे दोनच घरं, एक आमचं किहीमकरांचं आणि दुसरं झिराडकरांचं. आमच्यात मुलगा तेरा वर्षांचा झाला की तो मोठ्या माणसांत धरला जातो, आणि त्या सुमाराच्या शनिवारी त्यानं सगळ्यांसमोर तोरा वाचायची असते. तोरा म्हणजे आमचा धर्मग्रंथ, कातड्यावर हातानं लिहिलेली भली मोठी गुंडाळी. मराठीत तोरा म्हणजे दिमाख. तोही आमच्या घरात आहे, पण त्याची मालकी यांच्याकडे.

आता वाचायची म्हणजे वर्तमानपत्रासारखी वाचायची नाही. सुरात म्हणायची. आणि त्या गुंडाळीत सूर लिहिलेला नसतो, काना-मात्रा नसतात, वाक्य कुठे संपलं तेही कळत नाही. नुसती अक्षरं एकापुढे एक. म्हणून आधी छापील पुस्तकावरून सगळं घोटायचं, पाठ करायचं, आणि मगच गुंडाळीपुढे उभं राहायचं. यांनी ते लहानपणी आपल्या वडिलांकडून घोटलं होतं. या शहरात दुसरं कुणी नाही, त्यामुळे मास्तर निवडायचा प्रश्नच नव्हता.

"कोण कोण ऐकायला येणार?" यांनी आकाशला विचारलं.

"पप्पा," तो म्हणाला. बाकीचे त्याच्या खिजगणतीत नव्हते.

त्याचा बाप एझरा दोन वर्षांपूर्वी इस्रायलला गेला. अश्दोद नावाच्या गावात एका म्हाताऱ्या माणसाची देखभाल करतो, त्याला अंघोळ घालतो, भरवतो, फिरवतो. रजा मिळणार होती ती चार दिवसांची. गुरुवारी यायचं, रविवारी रात्री परत. रोज संध्याकाळी फोनवर बाप-लेकाचं तेच चालायचं.

"दोन ओळी तरी म्हण की रे," एझरा गयावया करायचा.

"फोनवर नाय. समोर बसून ऐका," आकाश म्हणायचा, आणि खरंच एक अक्षर ऐकवायचा नाही. पोरगं हट्टी, पण हट्ट कशाचा ते बघा. दोन वर्षं बाप फोनमध्येच होता. एक गोष्ट तरी त्याला समोर हवी होती.

तोरेचे भाग पाडलेले असतात. दर शनिवारी एक भाग, असं वर्षभरात सगळं वाचून होतं. कुठल्या शनिवारी कुठला भाग ते ठरलेलं. यांचा धाकटा भाऊ हैफाला असतो, तो दरवर्षी भिंतीवर लावायचं कॅलेंडर पाठवतो. गुळगुळीत कागद, समुद्राची चित्रं, प्रत्येक शनिवारच्या चौकोनात त्या दिवसाच्या भागाचं नाव. यांना त्या कॅलेंडरचा कोण अभिमान! पाहुणा आला की चहाआधी कॅलेंडर. तर यांनी चष्मा चढवून मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारवर बोट ठेवलं.

"दिव्यांचा भाग," हे म्हणाले. "नशीबवान आहेस. पहिल्याच ओळीत सात दिवे लावायचे आहेत. सुरुवात तू वाच, पुढचं मी ओढतो."

मग सुरू झाली शिकवणी. उन्हाळ्याची सुट्टी, बाहेर रस्ता तव्यासारखा तापलेला, आणि घरात कूलर बंद. का, तर त्याच्या घरघरीत यांना सूर ऐकू येत नाही. दोघं घामानं निथळत समोरासमोर बसायचे. हे हवेत बोटानं सुराची रेघ ओढायचे, वर गेली की आकाशनं वर जायचं, खाली वळली की खाली यायचं. जरा कुठे रेघ सोडली की, "रिजेक्ट!"

"आजोबा, मी नट-बोल्ट हाय का?"

"नट-बोल्ट बरा. तो एकदा सांगितलेल्या मापात राहतो."

त्यातून पोराचा आवाज फुटायचं वय. छान चालला असायचा आणि मध्येच आवाज असा फाटायचा की खालच्या अंगणातलं कुत्रं मान वर करून बघायचं. आकाश लालबुंद व्हायचा. हे मात्र त्याला त्यावरून कधी बोलले नाहीत. "आवाज देवानं दिलाय, त्याची तपासणी माझ्याकडे नाही," एवढंच म्हणायचे. ते ऐकून मला हे आवडले. असं फार वेळा होत नाही, म्हणून सांगून ठेवते.

पाण्याचा दिवस आला की आमच्या भागात सगळी कामं बाजूला पडतात. यांची शिकवणी पडली नाही. मी आणि मोनिका गॅलरीत ड्रम भरतोय, आकाश पाइप धरून उभा, आणि हे मोरीच्या दारात बोट हलवतायत. शेजारच्या द्वारकाबाई भिंतीपलीकडून रोज ऐकायच्या. एक दिवस धान्य निवडता निवडता मला म्हणाल्या, "बाई, आज पोरगं तिसऱ्या ओळीत अडकलं व्हय? काल तर लई झ्याक म्हनलं होतं." त्यांना अर्थ कळत नव्हता, पण चाल अशी पाठ झाली होती की दळण घेऊन निघाल्या तरी जिन्यात ती गुणगुणायच्या.

मेच्या मध्यावर एका सकाळी आकाशनं पुस्तक मिटलं, डोळे मिटले आणि सगळा पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटला. मी स्वयंपाकघरातून डोकावले तर यांचं बोट हवेतच राहिलं होतं.

"ओके," हे म्हणाले.

तो शब्द ऐकून आकाश चपला न घालताच जिन्यातून धावत सुटला. तापलेल्या फरशीवर उड्या मारत आईला ओरडून सांगत होता, "ओके झालो! ओके झालो!"

गुरुवारी एझरा आला. बापाला बघून पोरगं लाजलं, दारातच घुटमळलं. एझरानं त्याला ओढून शेजारी उभं केलं, हातानं उंची मापली आणि नुसता म्हणाला, "खांद्याला लागला की रे." मग दोघंही बराच वेळ क्रिकेटवर बोलत राहिले. पुरुषांना रडायचं असलं की क्रिकेट फार उपयोगी पडतं.

शुक्रवारी सकाळी ठाण्याहून बिन्यामिनभाऊ तोरा घेऊन आले. तिथल्या आमच्या मंडळींत दर शनिवारी तोरा वाचणारे ते. वय झालेलं, पण आवाज खणखणीत. गाडीत पुढच्या सीटवर तोरेची लाकडी पेटी, तिला सीटबेल्ट लावलेला, आणि भाऊ स्वतः मागे दोन भाच्यांच्या मध्ये चेंगरून बसलेले. पुण्याचेही पाहुणे पोचले. तोरा उघडायला दहा पुरुष लागतात, ते मोजून वर दोन उरले. मोनिकाचा चेहरा उजळला होता. मी पहाटेपासून चुलीशी होते, कारण शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नाही. सगळं आदल्या दिवशीच रांधून ठेवायचं असतं.

दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत टेबलावर नवं कापड अंथरलं आणि बिन्यामिनभाऊंनी पेटी उघडली. गुंडाळी आधीच योग्य जागी फिरवून आणायची पद्धत असते, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको. आमचे हे पुढे झाले, डोळे बारीक केले आणि मी ओळखलं, आता काहीतरी रिजेक्ट होणार.

"बिन्यामिनभाऊ, चुकलंय. ही शिरगणतीच्या भागावर लावलीय. एक आठवडा मागे."

"मागे कशाला? उद्या शिरगणतीचाच भाग आहे."

"उद्या दिव्यांचा आहे."

"शिम्शोन, मी दर शनिवारी वाचतो."

"आणि मी रोज कॅलेंडर बघतो!" हे गरजले. "तुमच्याकडे नसेल, माझ्याकडे आहे. या, दाखवतो."

दोघं म्हातारे भिंतीकडे गेले. बिन्यामिनभाऊंनी खिशातून चष्मा काढला, चौकोन वाचला, मग कॅलेंडरचं वरचं पान उलटून मागे काय आहे ते पाहिलं.

"हे कुठलं रे?"

"हैफाचं. भाऊ पाठवतो."

"तरीच," बिन्यामिनभाऊ म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. आवाज एकदम मऊ झाला. "अरे, गेल्या शनिवारी काय होतं?"

"सण होता," मीच बोलले. शावुओतचा, म्हणजे तोरा मिळाल्याचा सण. इस्रायलमध्ये तो एक दिवस पाळतात. बाहेर राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी दोन दिवस पाळायचा. यंदा आमचा दुसरा दिवस नेमका शनिवारी आला. त्या शनिवारी इथे सणाचा भाग वाचायचा, म्हणून आठवड्याचा भाग राहिला तो पुढच्या शनिवारवर गेला. तिकडे सण संपला होता, त्यांनी आपला भाग वाचून टाकला. ते पुढे निघून गेले आणि आम्ही एक आठवडा मागे. कॅलेंडर खरं होतं, पण ते हैफासाठी खरं होतं.

मला यांचा असा राग आला! सणाचा तो दुसरा दिवस मी याच घरात पाळला होता. खीर केली होती. हे दोन वाट्या खीर खाऊन, मिशा पुसून, त्याच कॅलेंडरखाली आडवे झाले होते आणि यांच्या डोक्यात काही म्हणून आलं नव्हतं.

आकाश टेबलाशी उभा होता. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं जो पाठ घोटला तो पुढच्या शनिवारचा होता, आणि पुढच्या शनिवारी बाप अश्दोदला.

"रजा वाढव," मोनिका नवऱ्याला म्हणाली.

"नाय जमत गं. तिकडं म्हातारबा एकटं हायेत. बदलीचा मानूस सोमवारपस्तोर हाय फकस्त." एझरा यांच्याकडे वळला. "काका, म्हनू द्या की त्याला दिव्यांचाच. कोन तपासायला येतंय?"

यांनी मान हलवली. चेहरा पार उतरला होता. "चुकीच्या दिवशी चुकीचा भाग? असला माल मी आयुष्यात पास केला नाही, एझरा. पोराचा पाठ ओके आहे. रिजेक्ट मी आहे."

इतकं खरं बोलताना मी यांना कधी ऐकलं नव्हतं, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. पण आकाशचं काय?

"हे बघ बाळा," बिन्यामिनभाऊ त्याला म्हणाले, "उद्या सकाळी मी वाचतो. तुला तोरेपुढे बोलावतो, तू वाचनाआधीचा आशीर्वाद, म्हणजे देवाची स्तुती, म्हण. नियमाप्रमाणे तेवढं पुरतं."

"मला पुरत नाय," आकाश म्हणाला, आणि गॅलरीत जाऊन पाण्याच्या ड्रमाला टेकून बसला. बाप जाऊन शेजारी बसला. दोघांत क्रिकेटसुद्धा निघालं नाही.

मग मी तोंड सोडलं. "दोन-दोन म्हातारे, एवढी अक्कल, एवढा अभ्यास, आणि एका पोराला वाट काढून देता येत नाही? ठाण्याहून ती पेटी सीटबेल्ट लावून आणलीत ती काय सकाळी तासभर उघडून परत न्यायला?"

"परत कुठे नेतोय?" बिन्यामिनभाऊ दुखावले. "इतक्या लांब आणलेली तोरा एकदा वाचून परत नेत नाहीत, वहिनी. तिचा मान असतो. निदान तीनदा वाचायची. उद्या सकाळी, उद्या संध्याकाळी, आणि सोमवारी सकाळी. मी सोमवारपर्यंत तुमच्याच पंक्तीला आहे."

गॅलरीतून आकाशचं डोकं आत आलं.

"संध्याकाळी कुठला भाग वाचत्यात?"

बिन्यामिनभाऊंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. यांनी कपाळावर हात मारला, इतक्या जोरात की आवाज झाला.

"शनिवारी संध्याकाळी," हे हळूहळू म्हणाले, "पुढच्या आठवड्याच्या भागाची सुरुवात वाचतात. सगळीकडे. नेहमीच."

"म्हंजी दिव्यांचा?"

"दिव्यांचाच रे गाढवा! तू पाठ केलास तेवढाच!" आणि यांनी त्या घामट पोराला मिठीत उचललं. कंबर धरेल हेसुद्धा विसरले. "इथे कधी तोराच नव्हती, संध्याकाळचं वाचन करणार कुठून? विसरूनच गेलो होतो मी."

बिन्यामिनभाऊ पोट धरून हसत होते. "दर शनिवारी वाचतो मी," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "दर शनिवारी!" एझरानं गॅलरीतूनच मोनिकाला हाक मारली, जशी काही ती दोन हातांवर दारात उभी नव्हतीच.

शनिवारी सकाळी बिन्यामिनभाऊंनी शिरगणतीचा भाग वाचला. वर्षातला सगळ्यात लांबलचक भाग तो. आकाशला बोलावलं, त्यानं आशीर्वाद म्हटला आणि खाली बसला. मोठा झाला तो नियमानं तिथेच. पण त्याचं लक्ष घड्याळाकडे. त्यानंतर जेवणं झाली, नारळाच्या दुधातली आमटी सगळ्यांनी अशी ओरपली की दुपारी अख्खं पुणं आणि ठाणं माझ्या घरात पसरून घोरत होतं. ऊन उतरायला लागलं तशी मी एकेकाला उठवत फिरले. "उठा, तोरा वाट बघतेय. दहा पुरुष लागतात, दहा घोरणारे नाही."

संध्याकाळच्या वाचनाला तिघांना आळीपाळीनं तोरेपुढे बोलावतात. बिन्यामिनभाऊंनी तिसरं नाव एझराचं घेतलं. वाचणारा मात्र तिन्ही वेळा आकाशच. आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दारात दाटीनं उभ्या होतो. द्वारकाबाई पदर डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे.

त्यानं सुरुवात केली. पहिल्याच ओळीत दिवे आले. हे त्याच्या डाव्या हाताला उभे होते, आणि मी पाहिलं, यांचं बोट मांडीशी हलत होतं, वर, खाली, वळण. दुसऱ्या ओळीनंतर ते बोट थांबलं. यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. पोरगं एकटं चाललं होतं.

मग तिसऱ्या वेळेला एझरा जाऊन उभा राहिला. त्यानं आशीर्वाद म्हटला. आकाशनं बापाकडे वळून पाहिलंही नाही, सरळ वाचायला लागला. दोन वर्षं फोनवर अडवून ठेवलेलं सगळं, एका हाताच्या अंतरावरून. मध्येच आवाज फाटला. द्वारकाबाईंनी "अगं बाई" म्हणून तोंडावर हात ठेवला. आकाश क्षणभर थांबला, थुंकी गिळली आणि त्याच अक्षरापासून पुन्हा उचललं, सूर जिथे होता तिथेच. इकडे द्वारकाबाई चाल गुणगुणत त्याच्या अर्धी ओळ पुढे निघून गेल्या होत्या. मी त्यांना कोपरानं ढोसलं. मोनिका रडत होती आणि हसतही होती. मीही तेच करत होते, लाजायचं काय त्यात?

शेवटचा शब्द संपला. पुण्याकडच्या कुणीतरी रीतीप्रमाणे लिमलेटच्या गोळ्या उधळल्या, एक थेट यांच्या टकलावर बसली. सगळं जरा शांत झाल्यावर बिन्यामिनभाऊ एझराला म्हणाले, "आता बापानं म्हणायचं ते म्हण. सकाळी गडबडीत राहिलं."

"काय म्हनायचं?"

"एक छोटा आशीर्वाद आहे. पोरगं मोठं झालं, आता त्याच्या बऱ्यावाइटाला तो जबाबदार. म्हणून बाप देवाचे आभार मानतो, की या मुलाच्या भारातून मला मोकळं केलंस."

उद्या रात्री निघायचं म्हणून एझराची बॅग त्याच्या घरी भरून ठेवलेली होती. तोरेवरच्या अक्षरांकडे तो बघत राहिला, आणि मला वाटलं, हा आता रडणार. पण त्यानं आकाशच्या मानेवर हात ठेवला.

"काका, म्हनतो मी," तो बिन्यामिनभाऊंना म्हणाला. "रीत हाय तर म्हनतो. पर ते खरं धरू नका."

यांनी नाक शिंकरलं.

"म्हना पप्पा," आकाश म्हणाला, आणि त्याचा आवाज पुन्हा फाटला. "मी बी खरं धरत नाय."

मग एझरानं ते म्हटलं, पोराची मान न सोडता, आणि आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं.